टाळू उघडी, शिवण बंद: एका लांबट डोक्याचं प्रकरण

दहा आठवड्यांचा मुलगा. तक्रार एकच: डोकं लांबट आहे आणि रोज तेल लावून, हातानं दाबून घेऊनही गोल होत नाही. बाकी काही नाही. दूध नीट पितो, आईकडे बघून हसतो, हाक मारली की क्षणभर थबकतो. जन्म पूर्ण दिवसांचा, नॉर्मल डिलिव्हरी, जन्मल्याबरोबर रडला, काचेत ठेवावं लागलं नाही. वजन 5.2 किलो, वयाला साजेसं.

आई बाळंतपणाला माहेरी होती, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. ओपीडीत तिच्यासोबत तिची आई आणि धाकटा भाऊ आले होते. त्यांना पाठवलं होतं ते बाळाला तेल लावणाऱ्या मावशींनी. आजूबाजूच्या वाड्यांवर जाऊन त्या बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालतात. आजींनी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं: "आजवर किती लेकरांची डोकी माझ्या हाताखालनं गेल्यात. ह्याच्या टाळूच्या मागं मधनंच कणा लागतोय. हा दाबून जायचा न्हाई, दवाखान्यात दावा."

या बाळाचं निदान त्या वाक्यातच झालेलं होतं. पुढे आम्ही केली ती खातरजमा आणि उपचार.

त्याआधी बाळ दोनदा तपासलं गेलं होतं, एकदा डिस्चार्जच्या वेळी आणि एकदा सहाव्या आठवड्याच्या लसीच्या वेळी. दोन्ही वेळा "ठीक आहे" असं सांगितलं गेलं. तसं सांगणाऱ्यांकडे कारणंही होती, आणि ती कारणं अशी आहेत की उद्या ती कुणालाही पुरेशी वाटतील. म्हणून ती नीट मांडतो.

पहिलं कारण टाळू. डोक्याच्या पुढच्या भागातली टाळू हाताला मऊ लागत होती, बाळ शांत असताना तिथे ठोकाही जाणवत होता. टाळू उघडी आहे म्हणजे कवटी वाढायला मोकळी आहे, असा समज घरोघरी आहे आणि दवाखान्यांतही आहे. तो अर्धाच खरा आहे. पुढची टाळू म्हणजे चार हाडांच्या कोपऱ्यांमध्ये राहिलेली जागा. तिथे चार शिवणी, म्हणजे कवटीच्या हाडांमधले सांधे, येऊन मिळतात. त्यातली एक बंद झाली तरी उरलेल्या तिघी उघड्या असल्या की टाळू उघडी राहू शकते. या बाळात नेमकं तेच झालं होतं.

दुसरं कारण टेप. माता-बाल संरक्षण कार्डावर डोक्याच्या घेराची नोंद होती आणि ती चोख होती. मीही मोजला, 40 सेंमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा आठवड्यांच्या मुलाचा मधला आकडा साधारण साडेएकोणचाळीस आहे, म्हणजे घेर मध्याच्या थोडा वरच. मग कॅलिपर घेऊन लांबी आणि रुंदी वेगवेगळी मोजली. कपाळापासून मागच्या फुगवट्यापर्यंत 15 सेंमी, दोन्ही कानांच्या वरच्या सर्वात रुंद भागात 10.2 सेंमी. रुंदीला लांबीनं भागून शंभरानं गुणलं की जो आकडा, म्हणजे गुणांक, येतो तो बहुतेक बाळांत 75 ते 85 च्या दरम्यान असतो. इथे 68 आला. तेवढ्याच घेराच्या एखाद्या नेहमीच्या डोक्यात लांबी 14 आणि रुंदी 11 च्या आसपास भरली असती. घेर तोच, आकार वेगळा, आणि टेपला त्यातलं काहीच कळत नाही. डोकं लहान राहण्याचे आजार आणि डोक्यात पाणी साठण्याचे आजार घेरावरून पकडता येतात. मधली शिवण बंद होण्याचा दोष मात्र घेरात लपून जातो, कारण रुंदीत जे कमी पडतं ते लांबीत भरून निघतं.

असं का होतं हे समजायला शिवण म्हणजे काय ते पाहावं लागेल.

सांधा म्हटला की आपल्याला गुडघा, खांदा, कोपर आठवतात: आत पोकळी, वंगणासारखा द्रव, हाडांच्या टोकांवर कूर्चा. पण शरीरात सांध्यांची आणखी एक जात आहे, तंतुमय सांध्यांची. त्यांत पोकळी नाही, द्रव नाही. एका हाडाच्या कडेपासून दुसऱ्या हाडाच्या कडेपर्यंत चिवट तंतूंचं जाळं असतं आणि तेच दोघांना धरून ठेवतं. घोट्याच्या वर नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरचं बारीक हाड असे बांधलेले असतात. दाताचं मूळ जबड्याच्या खोबणीत असंच तंतूंनी टांगलेलं असतं. आणि तिसरी कवटीची शिवण. मोठ्या माणसात या सांध्यांना हालचाल जवळपास नसते, म्हणून त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. तान्ह्या बाळात मात्र कवटीच्या शिवणीइतका कामाचा सांधा दुसरा नाही, असं मी म्हणेन.

तिचं पहिलं काम बाळंतपणात. जन्ममार्गातून येताना कवटीची हाडं एकमेकांवर किंचित सरकतात आणि डोकं तेवढ्यापुरतं अरुंद होतं. म्हणूनच नॉर्मल डिलिव्हरीच्या बाळांची डोकी सुरुवातीला लांबुळकी दिसतात. काही दिवसांत ती जागेवर येतात. "होतं असं, गोल होईल" या दिलाशाचं मूळ तिथे आहे, आणि बहुतेक बाळांत तो खराही ठरतो.

दुसरं काम जन्मानंतर सुरू होतं. शिवणीच्या आतून मेंदूचं जाड आवरण, बाहेरून हाडाचं आवरण, आणि मधल्या तंतुमय पट्टीत नवीन हाड तयार करणाऱ्या पेशींचा साठा अशी तिची रचना आहे. मेंदू वाढतो, आवरण ताणलं जातं, आणि शिवणीच्या दोन्ही काठांवर नवं हाड चढत जातं. हे हाड शिवणीच्या आडव्या दिशेनं वाढतं. टाळूपासून मागे जाणारी उभी मधली शिवण, जिला आम्ही सॅजिटल सूचर म्हणतो, ती डोक्याला रुंदी देते. कपाळामागून कानाकडे उतरणाऱ्या दोन शिवणी लांबी देतात. जर्मन शरीरविकृतितज्ज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी 1851 मध्ये हा नियम मांडला: एखादी शिवण वेळेआधी जुळली की तिच्या आडव्या दिशेची वाढ थांबते आणि उरलेल्या शिवणी ती कसर दुसऱ्या दिशेला भरून काढतात. नंतरच्या संशोधनानं त्यात बारकावे घातले, पण खाटेवरचं बाळ बघताना आजही हाच नियम उपयोगी पडतो. मधली शिवण जुळली तर रुंदी थांबणार, आणि मेंदू थांबणार नाही, म्हणून कपाळ पुढे आणि डोक्याचा मागचा भाग मागे फुगणार.

वाढीचा वेगही बघा. जन्माच्या वेळी मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 34.5 सेंमी, वर्षाला 46. म्हणजे वर्षभरात साडेअकरा सेंमीची वाढ. त्यातली 6 सेंमी पहिल्या तीन महिन्यांतच होते. उपचाराची घाई का, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

तपासणी सांगतो, कारण ती करायला यंत्र लागत नाही. बाळाला आईच्या मांडीवर पाय आपल्याकडे करून झोपवायला सांगितलं, आणि मी उभा राहून वरून पाहिलं. समोरून बघितलं तर लांबट डोकं चटकन कळत नाही, वरून कळतं. या बाळाचं कपाळ रुंद आणि पुढे आलेलं, मागे निमुळतं होत गेलेलं, दोन्ही बाजू चपट्या. मग तर्जनी टाळूच्या मागच्या टोकावर ठेवून हळूहळू मागे नेली. तेलकट जावळाखाली हाडाचा एक सलग, कडक, बारीक उंचवटा बोटाला लागला, थेट मागच्या टाळूच्या जागेपर्यंत. उघड्या शिवणीवर बोट फिरवलं तर बारीक खाच लागते. शेवटी दोन्ही अंगठे त्या रेषेच्या दोन बाजूंना ठेवून आळीपाळीनं हलकेच दाबले. उघडी शिवण असेल तर या वयात काठ किंचित हलतात. इथे दोन्ही बाजू एकाच हाडासारख्या होत्या. कपाळामागच्या आणि मागच्या शिवणींवर मात्र काठ हलत होते.

मावशींच्या बोटांना लागला होता तो कणा हाच.

लांबट डोक्याची दुसरी कारणं नाकारणं गरजेचं होतं. पूर्ण दिवस न भरलेली, काचेत बरेच आठवडे कुशीवर झोपलेली बाळंही लांबट डोक्याची दिसतात, पण त्यांच्यात उंचवटा नसतो आणि पुढे आकार सुधारतो. सतत एकाच बाजूला झोपून मागून चपटं झालेलं डोकं तर ओपीडीत रोजच दिसतं. त्यात चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असतो आणि शिवणी उघड्या असतात. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. ज्या आजारांत मेंदूच वाढत नाही त्यांतही शिवणी लवकर मिटतात, पण तिथे घेर मुळातच लहान असतो. या बाळाची हाताची आणि पायाची बोटं सुटी होती, डोळे खोबणीबाहेर आलेले नव्हते, चेहरा दोन्हीकडे सारखा होता. म्हणजे एकापेक्षा जास्त शिवणी आणि इतर अवयव गोवणारे एपर्ट किंवा क्रूझोनसारखे आनुवंशिक विकार संभवत नव्हते. वेळेआधी मिटणाऱ्या शिवणींमध्ये एकट्या मधल्या शिवणीचा हा प्रकार सर्वात जास्त आढळतो, आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये तो बराच जास्त असतो.

कुटुंबाला पुण्याला, लहान मुलांच्या मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे पाठवलं. तिथे बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात गच्च गुंडाळून, भूल न देता कमी किरणांचा एकच स्कॅन काढला गेला. त्रिमितीय चित्रात मधली शिवण मागच्या दोन तृतीयांश भागात पूर्ण मिटलेली दिसली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासला. दृष्टीच्या मज्जातंतूवर सूज नव्हती, म्हणजे कवटीतला दाब वाढल्याची खूण नव्हती.

पुण्याहून ते परत माझ्याकडे आले. आता वडीलही होते, आणि सासरचा विचार वेगळा होता. "आमच्याकडं लांबट डोकी हायतच की. म्हणून काय कापाकापी करायची?" असं तिकडची आजी फोनवर म्हणाली होती. वडिलांनी सरळ विचारलं, "डॉक्टर, नाही केलं तर काय होईल ते सांगा."

या प्रश्नाचं उत्तर देताना पालकांना घाबरवणं फार सोपं असतं. "मतिमंद होईल" असं एक वाक्य टाकलं की सही मिळते. मला ते अजिबात मान्य नाही, कारण ते खरं नाही. मी त्यांना सांगितलं की एकच शिवण मिटलेली बहुतेक मुलं हुशारीत इतरांसारखीच असतात. पण काही मुलांत पुढे कवटीतला दाब वाढतो, तो हळू वाढतो, आणि लहान मूल डोकं दुखतंय असं सांगू शकत नाही. दाब बराच काळ राहिला तर नजरेला धोका असतो. शाळेच्या वयात काही मुलांना बोलण्यात, शिकण्यात बारीक अडचणी आल्याचं दिसलेलं आहे, पण शस्त्रक्रियेनं त्या टळतातच असं छातीठोकपणे सांगता येत नाही. आकार आपोआप सुधारणार नाही. मेंदू वाढेल तसा तो जास्त ठळक होईल आणि मूल तो आयुष्यभर घेऊन फिरेल. डोक्याला नुसतं तेल लावायला हरकत नाही, पण जुळलेलं हाड हातानं दाबून उघडत नाही.

मग दोन मार्ग सांगितले. एक, तीन-चार महिन्यांच्या आत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. डोक्यावर दोन छोट्या चिरा, मधून मिटलेल्या शिवणीची हाडाची पट्टी काढायची, आणि नंतर महिनोन्‌महिने हेल्मेट. हे तंत्र अमेरिकेतल्या डेव्हिड हिमेनेझ आणि कॉन्स्टन्स बरोन यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलं आणि आता ते जगभर वापरलं जातं. दुसरा, सहा महिन्यांनंतर ते वर्षाच्या आसपास उघडी शस्त्रक्रिया. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चीर, हाडं सोडवून नव्यानं जुळवायची. त्यात रक्त जास्त जातं, रुग्णालयात जास्त राहावं लागतं, पण हेल्मेट सहसा लागत नाही. दुर्बिणीची खिडकी लवकर बंद होते, कारण तिचा सगळा भर मेंदूच्या पुढच्या वाढीवर आहे. हाडाचा अडसर काढून द्यायचा, रुंदी मेंदूच करून घेतो. वाढीचा जोर ओसरला की पट्टी काढून तेवढा उपयोग होत नाही.

नुसती हाडाची पट्टी काढण्याची कल्पना जुनी आहे. 1890 च्या आसपास पॅरिसमध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अशा शस्त्रक्रिया झाल्या, पण त्या झाल्या मुख्यतः मेंदूच न वाढलेल्या, लहान डोक्याच्या मुलांवर. कवटी उघडली की मेंदू वाढेल, असा तो उलटा तर्क होता. मुलं दगावली. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ अब्राहम जेकोबी यांनी 1894 मध्ये त्यावर कडाडून टीका केली आणि पुढे बराच काळ या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. नेमकी शिवण दोषी आहे की मेंदू, हे आधी ठरवण्याचा आग्रह मी धरतो तो यामुळे.

कुटुंबानं चार दिवसांत दुर्बिणीचा मार्ग निवडला. त्या चार दिवसांत एक अडचण आली जी कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात नाही. शस्त्रक्रियेला केस काढावे लागणार, आणि बाळाचं जावळ अजून काढलेलं नव्हतं. पहिले केस परक्या माणसानं, रुग्णालयात, भुलेत काढायचे हे आजींना सहन होत नव्हतं. सर्जनला फोन केला. ते म्हणाले, चिरांपुरतीच पट्टी काढू, पण घरी काढून आणलं तरी चालेल, फक्त वस्तरा नको, टाळूला ओरखडा नको. मग मामानं मांडी घातली, मान न सावरलेल्या बाळाचं डोकं आईनं दोन्ही हातांनी धरलं, आणि न्हाव्यानं मशीननं जावळ काढलं. या एका गोष्टीनं आजी शस्त्रक्रियेला राजी झाल्या. असल्या गोष्टींना वेळ देणं हा उपचाराचाच भाग आहे, असं मला मनापासून वाटतं.

शस्त्रक्रिया चौदाव्या आठवड्यात झाली. वजन 6 किलो. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण 80 मिली रक्त असतं, म्हणजे एकूण सुमारे 480 मिली, पाचशे मिलीच्याही आत. शिवाय दोन-तीन महिन्यांच्या वयात प्रत्येक बाळाचं हिमोग्लोबिन निसर्गतःच खाली येतं. या बाळाचं 9.8 होतं. आणि मधल्या शिवणीच्या बरोबर खाली मेंदूची सर्वात मोठी शीर धावते. चिरा छोट्या असल्या तरी काम जोखमीचं आहे, हे मी घरच्यांपासून लपवलं नाही. रक्त जुळवून तयार ठेवलं होतं, द्यावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर सूज आली, तिसऱ्या दिवशी ती उतरू लागली आणि बाळ घरी गेलं.

काढलेल्या पट्टीच्या जागी भोक राहणार का, असं मामानं विचारलं होतं. या वयात राहत नाही. मेंदूच्या जाड आवरणातून आणि हाडांच्या काठांवरून पुन्हा हाड तयार होतं. मोठ्या मुलांत ही क्षमता कमी होत जाते.

खरी कसोटी पुढे होती. हेल्मेट दिवसातले तेवीस तास घालायचं, एक तास काढून डोकं पुसायचं, कातडी बघायची. पुढून-मागून हेल्मेट टेकतं, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडतं, आणि मेंदू त्या जागेकडे वाढतो. पहिल्या दोन महिन्यांत गुणांक 68 वरून 74 वर गेला. मग एप्रिल आला. पत्र्याचं घर, दुपारी वीज नाही. मानेच्या मागे आणि कपाळाच्या कडेला घामोळं उठलं, एके ठिकाणी कातडी सोलली. घरच्यांनी हेल्मेट काढून ठेवलं ते जवळपास तीन आठवडे. पुढच्या मोजमापाला आकडा तिथेच अडकलेला. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. हेल्मेट बनवणाऱ्यानं कडा घासून दिली आणि वायुछिद्रं वाढवली, आतून पातळ सुती टोपी घालायला सांगितली, डोक्याला तेल पूर्ण बंद केलं. दुपारची मोकळीक एका तासाऐवजी दोन तासांची केली. काटेकोर नियम मोडण्यापेक्षा पाळता येईल असा नियम मला बरा वाटला. हेल्मेटचा खर्च शस्त्रक्रियेपेक्षा वेगळा असतो, डोकं वाढलं की ते बदलावं लागतं, आणि दर काही आठवड्यांनी पुण्याची फेरी असते. हे सगळं सही घेण्याआधी सांगायला हवं. इथे सर्जननं सांगितलं होतं, म्हणून कुटुंब मधूनच सुटलं नाही.

बाळ अकरा महिन्यांचं झालं तेव्हा हेल्मेट थांबवलं. त्या दिवशीचा गुणांक 77, घेर 46 सेंमी. कपाळाचा फुगवटा ओसरलेला, मागचा थोडा शिल्लक आहे, केसांत दिसत नाही. टाळू बोटाच्या पेरापेक्षा लहान झाली आहे. बाळ भिंतीला धरून उभं राहतं, "मामा" म्हणतं. डोळ्यांचा पडदा दोनदा पाहिला, दोन्ही वेळा स्वच्छ.

फाइल बंद केलेली नाही. काढलेली पट्टी भरून येताना शिवण पुन्हा मिटते आणि थोड्या मुलांत नंतरही दाब वाढू शकतो. म्हणून शाळेत जाईपर्यंत दरवर्षी डोळ्यांचा पडदा आणि दर सहा महिन्यांनी डोक्याची लांबी-रुंदी, असं ठरवून दिलं आहे. अकारण उलट्या, सकाळची चिडचिड, डोळा तिरळा होणं यांपैकी काही दिसलं तर तारखेची वाट न बघता यायचं.

वडिलांनी पुढच्या मुलाबद्दल विचारलं. इतर काही दोष नसलेल्या, एकाच शिवणीच्या प्रकारात पुढच्या बाळाला तोच त्रास होण्याची शक्यता कमी असते, पण ती शून्य नसते. पुढचं बाळ झालं तर ते सहाव्या आठवड्याच्या लसीलाच मला दाखवायचं, असं कार्डाच्या मागे लिहून दिलं. आजींनी तेवढ्यावर भागवलं नाही. त्या म्हणाल्या, "आधी मावशींस्नी दाखवू, मग तुमच्याकडं आणू." मी हो म्हटलं.